हॅनला माझा नमस्कार

डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापसाचे बोळे कोंबले, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवली, आणि खिडकीतल्या रेडिओवर कुणी नटी माझ्या आईचं पत्र वाचायला लागली. आधी मला कळलंच नाही. बाई कोणीतरी रडते आहे आणि तिच्या मागे कोणी चेलो ओढतंय, एवढंच. मग ती म्हणाली, 'ऑस्करी, तुझा लग्नाचा कोट हॅनसाठी दिला. रागावू नकोस, तुला आता कुठे लागतोय.' खुर्चीत माझे पाय ताठ झाले. ऑस्करी म्हणजे माझे बाबा. कोट मी पाहिलेला, काळा, कॉलरला मखमल. हे वाक्य लिहिताना आई मोठ्यानं बोलत होती, आणि ती रडत नव्हती, चिडलेली होती. माझी आई रडक्या आवाजात पोरांना झोपा म्हणायची नाही, ती नवऱ्याला पत्र कसली रडत लिहितेय? नटी मात्र प्रत्येक 'हॅन'पाशी थांबून सुस्कारा टाकत होती. मग एक मऊ आवाजाची बाई समजावून सांगू लागली, की एकोणीसशे अठरा सालच्या त्या यादवीत नवरा तारेच्या कुंपणाआड उपाशी, इकडे घरात एकटी तरुण बायको, आणि तिच्या आयुष्यात कोणीतरी येतं. ती लपवत नाही. नाव लिहीत नाही, फक्त 'हॅन' म्हणते. आपण आज तिला दोष देणार नाही, असंही त्या बाईनं वर सांगितलं. डॉक्टर सालोव्हारा हातातलं यंत्र थांबवून ऐकत होते. म्हणाले, "बिचारी. तरणीताठी बाई, काय करेल. आपण कोण नावं ठेवणारे?" मी आ-आ करून ओरडले. त्यांना वाटलं दुखतंय, आणखी एक सुई टोचली. अर्धा जबडा, अर्धी जीभ, सगळं लाकूड झालं, आणि मी तशीच पडून माझ्या आईला साऱ्या देशाकडून माफी मिळताना ऐकत राहिले.

हॅन म्हणजे डुक्कर होतं, बाबांचा कोट देऊन आणलेलं. सांगून टाकते, उगाच ताणत नाही. आमच्या भाषेत तो आणि ती असा भेद नाहीच, दोघांना एकच शब्द, हॅन. आणि पुस्तकात शिकवतात की माणसाला हॅन म्हणावं, जनावराला आणि वस्तूला दुसरा शब्द आहे तो वापरावा. पण आमच्या पिस्पालाच्या टेकडीवर पुस्तकासारखं बोलतंय कोण? तिथे बापाला, नवऱ्याला, शेजारणीला, सगळ्यांना तो वस्तूचाच शब्द. पाद्रीबुवा पाठमोरे झाले की त्यांनासुद्धा. हॅन राखून ठेवायचा तो लाडाच्या गाईला, पायात घुटमळणाऱ्या मांजराला, नाहीतर टोमण्यात, कोणी फार साहेबी करायला लागलं की. आईनं बाबांना जन्मात कधी हॅन म्हटलं नसेल. डुकराला म्हणाली. कारण पत्रं छावणीच्या दारात फोडून वाचली जायची, आणि घरात जनावर आहे असा वास जरी लागला असता तरी दुसऱ्या दिवशी अन्नखात्याची गाडी दारात येऊन ते उचलून घेऊन गेली असती. म्हणून हॅन. बाबांना पहिल्या ओळीतच उमजणार. तपासणाऱ्याला वाटणार, असेल कोणी काका-मावशी. आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी विद्यापीठात शिकलेल्या, भल्या मनाच्या लोकांना वाटणार, यार.

दवाखान्यातून निघाले ती बसमध्ये न चढता चालतच सुटले. ओठ लोंबतोय, रुमाल धरलाय, लोक बघतायत. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तरी मधेच मला हसू फुटत होतं, ते अर्ध्याच तोंडाला फुटत होतं. काय काय ओळी निवडल्या होत्या मेल्यांनी. 'हॅनला सौनात ठेवलंय, रात्री घोरणं ऐकू येतं, तेवढीच सोबत.' 'आधी हॅनला वाढते, मग पोरांना, हॅनला भूक फार.' चेलो, सुस्कारा. सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तळ्याकाठी होता, उतरणीला, आम्ही त्या उन्हाळ्यात अंघोळीला शेजारच्या लीडियामावशीकडे जायचो आणि आमच्या सौनात हॅनचा कारभार. फळीच्या फटीतून गुलाबी नाक बाहेर यायचं. मी सलगमाची सालं द्यायची. आम्ही काय खात होतो? झाडाच्या सालीचं पीठ घातलेली भाकरी, जिभेला कोळसा चाटल्यासारखी लागायची. खारवलेला हेरिंग मासा, तोही शेपटाकडचा. भाजलेल्या राय धान्याची कॉफी. शहर पडलं तेव्हा आम्ही तळघरात होतो, वर तोफा, आणि आई बटाटे सोलत होती, अंधारात, चाचपून, सालं पातळ निघावीत म्हणून मला ओरडत. तोफा थांबल्या. पांढऱ्यांनी, म्हणजे सरकारच्या फौजेनं, पूल ओलांडला. बाबा लालांच्या, म्हणजे कामगारांच्या बाजूनं रेल्वेच्या गोदामावर पहाऱ्याला होते, ते कैदी होऊन तिथून चौकात, चौकातून छावणीत. आई मला घेऊन चौकात गेली होती, त्यांना शोधायला नाही म्हणाली, कुऱ्हाडीला धार लावायचा दगड कुठे ठेवलाय ते विचारायला. खरंच तेच विचारलं तिनं, दोरीपलीकडून ओरडून. आणि बाबांनी सांगितलं, चुलीमागे. ते त्यांचं माझ्या कानावर पडलेलं शेवटचं बोलणं. एवढा मोठा इतिहास घडला म्हणतात त्या दिवशी.

लोकांना वाटतं, युद्धातल्या पत्रांत युद्ध असतं. आईच्या पत्रांत कोट, डुक्कर, धाकट्या आर्वीचा खोकला, छपरातून कुठे गळतंय आणि तू जाण्याआधी ते का नीट केलं नाहीस याची बोलणी. पानंच्या पानं बोलणी. तारेआड माणसं फटाफट मरत होती आणि ही त्याला छपरावरून झापत होती. लहानपणी मला वाटायचं, आई दुष्ट आहे. पुढे माझं लग्न झालं, नवरा दुसऱ्या युद्धावर गेला, मीही पत्र लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य आलं ते 'पाण्याचा पंप बिघडलाय' असं. तेव्हा कळलं. ज्याला झापायचं तो घरी येणार असतो. मेलेल्या माणसाला कोण छपराचं विचारतं? ती तपासणाऱ्याच्या नाकावर टिच्चून लिहीत होती की माझा नवरा येणार आहे आणि त्याला शिडीवर चढायचं आहे. बाबांचं उत्तर एकच आलं, एक कार्ड, पेन्सिलीनं लिहिलेलं. मला ते पाठ आहे. 'एडला, पत्र मिळालं. मी बरा आहे, तेच तुम्हा सर्वांसाठी मागतो. कोटाचं चांगलं केलंस. हॅनला माझा नमस्कार. पोटभर खाऊ घाल, माझा वाटासुद्धा. नाताळात मी नसलो तर टेबलाच्या मधोमध हॅनला बसवा, आणि पोरांना पहिला मान द्या.' नाताळात टेबलाच्या मधोमध काय असतं ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल: डुकराची भाजलेली तंगडी, वर मोहरी. बाबा ऑगस्टात गेले. ते कार्ड लिहिताना त्यांच्या पायांना सूज आली होती, असं नंतर एका सुटून आलेल्यानं सांगितलं, त्यानंच आईची पत्रंही आणून दिली. आणि असा माणूस पेन्सिल धरून विनोद करतोय. रेडिओवर हे कार्ड सर्वांत शेवटी वाचलं. मरणारा नवरा मोठ्या मनानं आपली खुर्ची दुसऱ्याला देतो, असं त्या मऊ आवाजाच्या बाईनं सांगितलं, तेव्हा डॉक्टर सालोव्हारांनी चष्मा काढून डोळे पुसले होते.

घरी पोचते तर फोन वाजतच होता. आर्वी, माझा धाकटा भाऊ. पत्रं त्यानंच दिली होती, वर्तमानपत्रात आवाहन आलं की जुनी कागदपत्रं द्या, यानं माळा साफ करायच्या निमित्तानं खोकंच उचलून दिलं, मला न विचारता. आता गयावया करत होता. त्याच्या बायकोचं माहेर उत्तरेकडचं, पोहयान्माचं, मोठे शेतकरी, त्या काळात पांढऱ्यांच्या बाजूचे. सासूनं फोन करून विचारलं होतं, ही तुमचीच आई का रे?

"सायमी, तू जा आणि सांग त्यांना, डुक्कर होतं म्हणून. तू मोठी आहेस, तुला आठवतंय. पुढच्या आठवड्यात त्यांनी खुलासा द्यायलाच पाहिजे. अगं, चारचौघांत तोंड दाखवायला जागा नाही."

मी म्हटलं, जाते. लाकडी जिभेनं म्हटलं. मलाही तेच हवं होतं, त्याच्यापेक्षा जास्त हवं होतं. आईच्या नावाला असं कोणी हात लावावा आणि वर माफ करावं? काय बिशाद यांची.

रेडिओच्या ऑफिसातल्या हेलस्ट्रमबाई म्हणजे तोच मऊ आवाज. तिशीची पोरगी, केस बारीक कापलेले, टेबलावर राखेचं भांडं भरलेलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तिनं भांडूच दिलं नाही. डुक्कर म्हटल्याबरोबर तिचे कान लाल झाले, तिनं फाईल उघडली आणि जी पानं वाचली नव्हती ती माझ्यासमोर वाचायला लागली. 'सायमी हॅनच्या कानामागे खाजवते.' 'हॅननं फळी कुरतडली.' वेळ कमी होता म्हणून घरगुती तपशील गाळला, असं ती अगदी हळू म्हणाली. मला तिची दयाच आली. प्रामाणिक होती बिचारी. म्हणाली, केतोलाबाई, चूक आमची आहे, पुढच्या कार्यक्रमात तुम्ही स्वतः बोला, मी मजकूर तयार करते. सगळं इतकं सोपं झालं की मला कसंतरीच वाटलं, जोरानं दार ढकलावं आणि ते उघडंच असावं तसं. जाताना तिनं माझा हात धरला.

"बरं झालं तुम्ही आलात. आता तुमच्या आईच्या नावावरचा डाग पुसला जाईल."

जिना उतरता उतरता तो शब्द मला टोचायला लागला. डाग. डुक्कर असेल तर डाग नाही, माणूस असेल तर डाग. परवा माफ करत होते, आता धुऊन देतायत. घरी गेले, बटाटे चढवले, विसरले, करपवले. समजा असता कोणी. समजा त्या वर्षी आमच्या सौनात खराच कोणी माणूस असता, घोरणारा, भुकेला, आईचा. मी मनात त्याला बसवून पाहिलं, बाकावर, बाबांच्या कोटात. मला राग यायला हवा होता. नाही आला. आम्हाला खायला घालतोय ना? मग बस बाबा. आणि मग एकदम मला ती खोली आठवली. आठवली म्हणजे काय, विसरले कधीच नव्हते, पण आजवर तिची आठवण गंमत म्हणूनच सांगत आले होते, नवऱ्याला, मुलीला, कॉफीवर.

बाबा गेल्यावर गावच्या गरीब-मदत मंडळानं आईला बोलावलं. लालांच्या विधवांची मुलं तेव्हा उत्तरेला पाठवत होते, शेतांवर, चांगल्या घरांत, चांगले संस्कार व्हावेत म्हणून. आर्वी लहान, खोकणारा, त्याला कोण घेतंय. मी आठ वर्षांची, गुरं वळायला बरी. माझं नाव निघालं होतं. तीन गृहस्थ टेबलामागे, मधल्याच्या जाकिटाला घड्याळाची साखळी. मी आईच्या मागे उभी, तिनं हात मागे करून माझी वेणी मुठीत धरलेली. त्यांनी विचारलं, घरात पोसणारं कोणी आहे का? नसेल तर मूल पाठवावं लागेल. आई म्हणाली, आहे. कोण? हॅन, आई म्हणाली. आणि आई तो शब्द पुस्तकातल्यासारखा स्वच्छ म्हणाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाव काय? नाव सांगणं हॅनला आवडत नाही. राहणं तुमच्याच घरी?

"सौनात झोपणं, खाणं भरपूर, बोलणं कमी," आई म्हणाली. "पोरांचा हिवाळा हॅनच्या जिवावर आहे. लिहून घ्या."

मला हसू आवरेना. तिनं वेणी अशी पिळली की डोळ्यांत पाणी आलं, आणि साखळीवाल्याला वाटलं, पोरगी लाजेनं रडतेय. कारकुनानं लिहिलं: परपुरुषासोबत राहते, मदत नामंजूर. पोसणारा असल्यानं मूल हलवण्याची गरज नाही. वाचून दाखवलं. आईनं कागद स्वतःकडे ओढला आणि सही केली, पूर्ण नाव, एडला सोफिया. बाहेर आल्यावर म्हणाली, चल लवकर, हॅनची खायची वेळ झाली.

गंमत म्हणून मी इथेच थांबायची. पुढचं सांगत नसे. नाताळात आम्ही हॅनला टेबलाच्या मधोमध बसवलं, मला पहिला तुकडा मिळाला आणि मी रडत रडत खाल्ला, कारण कानामागे मीच खाजवायची, पण खाल्ला. डुक्कर संपलं. माणूस संपला नाही. लोकांच्या तोंडात तो चांगला वीस वर्षं जगला. कामगार सभागृहाच्या गायनवर्गातून आईला निरोप आला, सध्या येऊ नका. पांढऱ्यांच्या बायका तर बोलतच नव्हत्या, आता आपल्याही बोलेनात: नवरा छावणीत मरतोय आणि ही. शाळेत पोरं मला विचारायची, तुझ्या घरातलं हॅन कसं आहे. लीडियामावशीला खरं माहीत होतं, ती भांडायला उठायची तर आई तिला गप्प करायची. ज्या दिवशी हाडं उकळून झाली त्या दिवसापासून खरं सांगायला कसलीच आडकाठी नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या लग्नाआधी मी तिच्या मागे लागले, आता तरी सांग, माझ्या सासरच्यांना तरी. ती मासे साफ करत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "सांगितलं म्हणजे त्यांना विचारायचा हक्क होता असं होतं."

मी तेव्हा चिडले होते. म्हटलं होतं, तुझा हट्ट आम्हाला भोवतो. भोवला नाही, ती बाई तशीच मान ताठ ठेवून बाजारात जायची आणि तिच्या मागून चालताना मीही शिकले.

स्टुडिओत खोली लहान, भिंतींना भोकाभोकांची पट्टी, आपलाच श्वास कानात वाजतो. काचेपलीकडे हेलस्ट्रमबाई. माझ्यासमोर तिनं टाईप केलेला कागद, नीट, अंतर सोडून. लाल दिवा लागला. मी वाचलं, 'माझी आई एडला सोफिया ही शीलवान स्त्री होती.' आणि थांबले. पुढची ओळ दिसत होती, डुक्कर हा शब्दही दिसत होता, पाचव्या ओळीत. वाचलं की सुटले. आर्वी सुटला, त्याची सासू सुटली, ती पलीकडची पोरगी सुटली. साखळीवाला गृहस्थही सुटला, कारण मग त्याचा प्रश्न रास्त होता, फक्त उत्तर चुकीचं ऐकलं होतं. आई तेवढी खोटी पडली. तिनं सही केली होती. तिनं मला ठेवून घेतलं आणि बदल्यात नाव देऊन टाकलं, समजून-उमजून, पूर्ण अक्षरांत. आणि मी ते परत मागायला आले होते.

कागद मी उलटा ठेवला. म्हटलं, "ही ओळ मी मागे घेते. गरीब-मदत मंडळाचे लोक माझ्या आईकडून तिची मुलगी नेणार होते. तिनं दिली नाही. ती मुलगी मी. तिनं कसं नाही दिलं आणि आमच्या सौनात कोण झोपत होतं, हे विचारायचा हक्क तेव्हा मंडळाला नव्हता, आज तुम्हाला नाही. परवा तुम्ही तिला माफ केलंत. कोणी मागितली होती माफी? आता माझ्या वडिलांचं कार्ड वाचते. परवा ते चुकीच्या आवाजात वाचलं गेलं."

आणि मी वाचलं, घरी वाचायचे तसं, पिस्पालाच्या बोलीत, झरझर. मी बरा आहे. कोटाचं चांगलं केलंस. हॅनला माझा नमस्कार. पोटभर खाऊ घाल, इथपर्यंत ठीक होते, पण 'टेबलाच्या मधोमध हॅनला बसवा' म्हणताना मला बाबा दिसले, सुजलेल्या पायांनी भिंतीला टेकून, पेन्सिल ओली करून, मिशीत हसत, आणि तपासणारा ते वाचून गंभीरपणे शिक्का मारतोय. मला हसू फुटलं. आवरेना. खुर्ची हलायला लागली इतकी मी हसले, डोळ्यांतून पाणी आलं, शेवटची ओळ कशीबशी पुरी केली. ज्यांच्या सौनात त्या वर्षी हॅन होतं त्यांना कळेल. बाकीच्यांना नाही कळलं तर नाही कळलं.

दिवा विझला. हेलस्ट्रमबाई दार उघडून आत आली, तोंड उतरलेलं. म्हणाली, असं गेलं तर लोक काय वाटेल ते समजतील. मी म्हटलं, समजू देत, सवय आहे आम्हाला. मग हातातल्या फितीच्या चाकाकडे बघून तिनं विचारलं, "निदान ते हसणं कापू का? फार लांबलंय."

"हसणं राहू द्या," मी म्हटलं. "वेळ कमी पडला तर माझं बोलणं कापा."